प्रतिपिंडांमुळे परजीवी आदिजीव मरतो, थांबतो की बदलतो?

प्रश्न सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा आहे. तिच्याकडे जिआर्डिया या आतड्यातल्या एकपेशी परजीवीचं कल्चर आहे. त्यात तिने लस टोचलेल्या सशाचा सिरम (प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी, असलेला रक्तातला द्रव) घातला, तिसऱ्या दिवशी मोजणी केली, तर पेशींची संख्या नुसत्या माध्यमातल्या नळीच्या निम्म्याहून कमी भरली. तिने विचारलं आहे: ‘अँटिबॉडीमुळे परजीवी मेले असं लिहू की त्यांची वाढ खुंटली असं लिहू? आणि अँटिबॉडीमुळे पेशीच्या रचनेतही काही बदल होतो का?’

आधी थेट उत्तर देतो. नुसत्या मोजणीवरून यातलं काहीच लिहिता येणार नाही. संख्या घटण्याच्या मागे वेगवेगळ्या घटना असू शकतात. पेशी फुटून मेलेली असेल. जिवंत असेल, पण विभाजन थांबलं असेल. पेशी एकमेकींना चिकटून गोळे झाले असतील आणि मोजणीच्या चौकटीत सापडल्या नसतील. नळीच्या काचेला धरून बसायची ताकद गेली असेल. पेशीत शिरून वाढणारा परजीवी असेल तर पुढच्या पेशीत शिरणंच अडलं असेल. या प्रत्येक घटनेत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली वेगळी दिसते. म्हणूनच तुमच्या प्रश्नाचे दोन भाग मला वेगळे वाटत नाहीत. वाढीवर नेमका काय परिणाम झाला, हे रचनेकडे पाहिल्याशिवाय कळत नाही.

‘मारलं’ आणि ‘थांबवलं’ यांतला फरक किती खरा आहे, हे ज्या जुन्या कामातून सर्वांत स्पष्ट दिसतं, तिथून सुरुवात करतो. उंदराच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा लेविसी नावाचा परजीवी असतो. 1870 च्या दशकाच्या अखेरीस टिमोथी लेविस यांना तो कोलकात्याच्या उंदरांमध्ये दिसला, म्हणून त्याला त्यांचं नाव. पिसवांमार्फत तो पसरतो. संसर्ग झाल्यावर पहिल्या आठवड्यात रक्ताची स्लाइड पाहिली तर नजर ठरत नाही. लहान, मोठे, रुंद, अर्धवट विभागलेले, कधी एकाच पेशीतून फुलासारखे सुटणारे अनेक जीव, असे सगळे आकार एकत्र दिसतात. दहाव्या दिवसाच्या सुमारास पाहा. सगळे परजीवी सडपातळ, जवळपास एकाच लांबीचे, शांतपणे पोहणारे. विभाजन करणारा एकही सापडत नाही. ते मेलेले नसतात, चांगले हालचाल करत असतात.

विल्यम टालियाफेरो यांनी 1924 मध्ये यामागचं कारण मांडलं. बऱ्या होत आलेल्या उंदराचा सिरम दुसऱ्या उंदराला दिला तर त्याच्या रक्तातल्या परजीवींचं विभाजनही थांबतं. म्हणजे सिरममध्ये असं काही आहे, जे परजीवीला न मारता त्याचं पुनरुत्पादन रोखतं. त्याला त्यांनी अ‍ॅब्लास्टिन म्हटलं. त्यांची मोजायची पद्धत मला आजही शिकवण्याजोगी वाटते. त्यांनी परजीवी किती आहेत एवढंच मोजलं नाही. प्रत्येकाची लांबी मोजली आणि त्या लांबींमध्ये फरक किती आहे हे काढलं. विभाजन जोरात असताना हा फरक खूप मोठा असतो, विभाजन थांबलं की तो अगदी आखडतो. त्यामुळे नाश आणि थांबणं ही दोन माणसं एकाच गर्दीत असली तरी ओळखू येऊ लागली. परजीवींची संख्या एकदम कोसळली, पण लांबीतला फरक तेवढाच राहिला, तर परजीवी मारले गेले. संख्या टिकून राहिली आणि फरक आखडला, तर ते थांबवले गेले. लेविसीच्या संसर्गात दोन्ही गोष्टी एकामागोमाग घडतात. आधी विभाजन थांबतं, मग परजीवी मारणारे प्रतिपिंड येऊन बहुतेकांचा निकाल लावतात, आणि उरलेले प्रौढ परजीवी आणखी काही आठवडे रक्तात फिरत राहतात. हेच थांबलेले परजीवी नव्या, कधीही संसर्ग न झालेल्या उंदराला टोचले की पुन्हा विभागू लागतात. थांबणं उलटवता येतं, मरण उलटवता येत नाही. ही कसोटी तुमच्या प्रयोगातही वापरायची आहे, त्याकडे शेवटी येतो.

अ‍ॅब्लास्टिनवर वाद बराच काळ चालला. परजीवींसोबत सिरम ठेवून ते परजीवी काढून टाकले, तर सामान्य प्रतिपिंड त्यांना चिकटून सिरममधून निघून जातो. अ‍ॅब्लास्टिन मात्र तसं सहज निघत नव्हतं. त्यामुळे हा प्रतिपिंडच आहे का, अशी शंका घेतली गेली. पुढच्या कामांनी त्याची जागा गॅमा ग्लोब्युलिनमध्ये, म्हणजे सिरममधल्या प्रतिपिंड असणाऱ्या प्रथिनांच्या गटात, दाखवली. मला हा वाद मोलाचा वाटतो, कारण त्यातून एक साधी गोष्ट समोर येते: प्रतिपिंडाने पेशीला भोक पाडलंच पाहिजे असं नाही.

भोक पाडणाऱ्या प्रतिपिंडाचं उत्तम उदाहरण टॉक्सोप्लाझ्मा या पेशीत शिरून वाढणाऱ्या परजीवीमध्ये आहे. 1948 मध्ये सेबिन आणि फेल्डमन यांनी एक चाचणी मांडली. जिवंत टॅकिझोइट (परजीवीचं वेगाने वाढणारं रूप), रुग्णाचा सिरम आणि निरोगी माणसाचा ताजा सिरम एकत्र ठेवायचे, नंतर अल्कधर्मी मिथिलीन ब्लू घालायचा. प्रतिपिंड नसेल तर परजीवी फुगीर आणि निळा दिसतो. प्रतिपिंड असेल तर तो बारीक, फिकट, पोकळ दिसतो, आत फक्त केंद्रकाची खूण उरते. ताज्या सिरममधली पूरक प्रथिनं (कॉम्प्लिमेंट) प्रतिपिंडाच्या आधाराने पेशीपटलात छिद्रं पाडतात आणि पेशीद्रव बाहेर वाहून जातो, रंग धरायला आत काही उरत नाही. याच चाचणीच्या जोरावर कित्येक वर्षं टॉक्सोप्लाझ्मोसिसचं निदान होत होतं. पेशीच्या रचनेतला बदल हाच इथे निकाल होता.

त्याच परजीवीची दुसरी बाजूही पाहा. 1975 मध्ये जोन्स, लेन आणि हिर्श यांनी दाखवलं की टॉक्सोप्लाझ्मा स्वतःहून मॅक्रोफेजमध्ये, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीत, शिरला तर त्याच्याभोवतीच्या पोकळीशी लायसोसोम (पाचक द्रव्यांच्या पिशव्या) जुळत नाहीत आणि तो आत सुखाने वाढतो. पण आधी त्याच्यावर प्रतिपिंडांचं आवरण चढवलं तर मॅक्रोफेज त्याला आपल्या ग्राहींमार्फत गिळतो, लायसोसोम येऊन जुळतात आणि परजीवी पचवला जातो. प्रतिपिंडाने परजीवीच्या रचनेला हातही लावला नाही, फक्त त्याचं आत जायचं दार बदललं, आणि त्याचं भवितव्य बदललं.

आता परजीवी स्वतः काय करतो ते पाहू. हा भाग पाठ्यपुस्तकांत फार थोडक्यात उरकलेला असतो, पण मला तोच सर्वांत समृद्ध वाटतो.

आमांश करणाऱ्या एन्टामिबा हिस्टोलिटिका या अमीबाच्या पृष्ठभागावर प्रतिपिंड चिकटले की काही मिनिटांत ते पृष्ठभागावरून सरकत मागच्या टोकाशी गोळा होतात. तिथे त्यांची टोपी तयार होते आणि ती टोपी तशीच बाहेर टाकून दिली जाते. 1980 मध्ये काल्डेरॉन आणि सहकाऱ्यांनी हे नीट दाखवलं. अमीबाचा पुढचा भाग पुन्हा मोकळा होतो. म्हणजे स्लाइडवर चमकणारी टोपी पाहून ‘प्रतिपिंड चिकटला, काम झालं’ असं म्हणायचं नाही, कारण अमीबा त्याच क्षणी त्याच्यापासून सुटका करून घेत असतो. तरीही प्रतिपिंड निरुपयोगी नाहीत. आतड्याच्या पेशींना धरण्यासाठी हा अमीबा गॅलॅक्टोज या साखरेला चिकटणारं एक प्रथिन, म्हणजे लेक्टिन, वापरतो. त्या लेक्टिनविरुद्धचे प्रतिपिंड त्याचं चिकटणंच अडवतात. ढाक्याच्या मिरपूर भागातल्या मुलांवरच्या अभ्यासात ज्यांच्या विष्ठेत या लेक्टिनविरुद्धचा आयजीए (आतड्यात स्रवणारा प्रतिपिंड) होता, त्यांना नवा संसर्ग कमी झाला.

आफ्रिकेतल्या निद्रारोगाचा ट्रिपॅनोसोमा ब्रुसी याहून पुढे गेला आहे. त्याच्या सबंध अंगावर एकाच प्रथिनाचं दाट आवरण असतं, त्याला व्हीएसजी म्हणतात. एका पेशीवर त्याचे सुमारे 1 कोटी रेणू असतात. या आवरणावर प्रतिपिंड बसले की काय होतं, हे एंग्स्टलर आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये उलगडलं. परजीवी सतत पुढे पोहत असतो. पाण्याच्या प्रवाहामुळे पृष्ठभागावरून वर आलेल्या प्रतिपिंडांवर, शिडांवर वारा यावा तसा, मागे ढकलणारा जोर येतो. प्रतिपिंड आणि त्याने धरलेलं व्हीएसजी, दोन्ही पटलावरून सरकत मागच्या टोकाकडे जातात. तिथे कशाभिकेच्या (पोहण्याच्या चाबकासारख्या शेपटीच्या) मुळाशी एक खळगा असतो, त्यातून ते आत ओढले जातात आणि प्रतिपिंड पचवला जातो. व्हीएसजी पुन्हा पृष्ठभागावर येतं. परजीवीची हालचाल बंद पाडली तर ही सफाई थांबते. प्रतिपिंड थोडे असतील तर ट्रिपॅनोसोम काही मिनिटांत स्वच्छ होतो. प्रतिपिंड भरपूर झाले की सफाई पुरी पडत नाही, मग पूरक प्रथिनं आणि यकृतातल्या मॅक्रोफेजपुढे त्याचा निभाव लागत नाही. मात्र तोवर काहींनी व्हीएसजीचा प्रकारच बदललेला असतो आणि ती पुढची लाट होते. रोनाल्ड रॉस आणि डेव्हिड थॉमसन यांनी 1910 मध्ये एका रुग्णाच्या रक्तातल्या परजीवींची रोज मोजणी करून या चढउतारांच्या लाटा आलेखावर मांडल्या होत्या.

याच आवरणावर उंटापासून मिळवलेल्या छोट्या प्रतिपिंडांचा, म्हणजे नॅनोबॉडींचा, प्रयोग झाला तेव्हा काही वेगळंच दिसलं. नॅनोबॉडी नेहमीच्या प्रतिपिंडाच्या साधारण एक दशांश वजनाची असते. तिला पूरक प्रथिनं बोलावणारी शेपटी नसते. तरीही 2011 मध्ये स्टाइलेमान्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की व्हीएसजीला घट्ट धरणाऱ्या काही नॅनोबॉडी एकट्याच परजीवीला मारतात. आधी आत ओढण्याची क्रिया बंद पडते, कशाभिकेजवळचा खळगा फुगतो, ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकेचं विद्युत विभव ढासळतं आणि मग पेशी फुटते. म्हणून रचनेतला बदल दिसला की तो कुठे सुरू झाला, हे पाहायचं. खळगा फुगलेला आणि बाकी पेशी धड असेल तर घाव वाहतुकीवर पडला आहे. पेशीद्रव बाहेर गेलेलं असेल तर घाव पटलावर पडला आहे.

मलेरियात सगळा हिशेब टप्प्यावर अवलंबून असतो. 1961 मध्ये कोहेन, मॅकग्रेगर आणि कॅरिंग्टन यांनी गांबियात मलेरियाला सरावलेल्या प्रौढांच्या रक्तातलं गॅमा ग्लोब्युलिन आजारी मुलांना दिलं, आणि काही दिवसांत त्यांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने कमी झाले. पुढे कोहेन आणि बुचर यांनी माकडातल्या प्लाझ्मोडियम नोलेसीवर प्रयोगशाळेत काम केलं. लाल पेशीच्या आत वाढणाऱ्या परजीवीवर प्रतिपिंडांचा परिणाम दिसला नाही, तो आतल्या आत पूर्ण वाढला. पण बाहेर पडलेले मेरोझोइट (परजीवीची नवी पिढी) नव्या लाल पेशीत शिरू शकले नाहीत. मेरोझोइटला बाहेर फार तर काही मिनिटं मिळतात. त्या मिनिटांत प्रतिपिंड त्याच्या पृष्ठभागावर बसून अनेकांना एकत्र चिकटवतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात त्यांच्याभोवती जाड, धूसर थर दिसतो. दोन दिवसांनी तुम्ही रिंग (लाल पेशीत नुकतेच शिरलेले, अंगठीसारखे दिसणारे परजीवी) मोजता, रिंग कमी भरतात आणि अहवालात ‘वाढ रोखली’ असं लिहिलं जातं. खरं तर वाढ अजिबात रोखलेली नसते, प्रवेश रोखलेला असतो.

प्रतिपिंडाचा आत काहीच परिणाम होत नाही हेही मात्र पूर्ण सत्य नाही. 1986 मध्ये लायन आणि हेन्स यांनी प्रतिपिंड असताना फुटणाऱ्या शायझोंटमधून (मेरोझोइटांनी भरलेल्या परजीवीतून) मेरोझोइट मोकळे न होता गुच्छातच अडकून राहतात असं दाखवलं. 2014 मध्ये राज, कुर्टिस आणि सहकाऱ्यांनी शायझोंटला बाहेर पडू न देणाऱ्या प्रतिपिंडांचं लक्ष्य शोधलं. 2020 मध्ये त्याच गटाने आणखी एक प्रथिन मांडलं, पीएफजीएआरपी. ते ट्रॉफोझोइट (वाढत असलेला परजीवी) असलेल्या लाल पेशीच्या बाहेरच्या बाजूला येतं. त्यावर प्रतिपिंड बसला की आतला परजीवी स्वतःच्याच यंत्रणेने मरतो. पूरक प्रथिनं नकोत, पांढऱ्या पेशी नकोत. लाल पेशी शाबूत आणि आत आकसलेला, गडद ठिपका झालेला परजीवी असं चित्र स्लाइडवर दिसतं. घाईत पाहणारा त्याला औषधाने मेलेला परजीवी समजतो.

डासाकडून येणाऱ्या स्पोरोझोइट या मलेरिया परजीवीच्या रूपावरची प्रतिक्रिया तर साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसते. 1969 मध्ये व्हॅन्डरबर्ग, नुसेन्झवाइग आणि मोस्ट यांनी पाहिलं की लस दिलेल्या उंदराच्या सिरममध्ये ठेवलेल्या स्पोरोझोइटच्या मागे शेपटीसारखा लांब गाळ लोंबतो. अंगावरचं सीएसपी हे प्रथिन प्रतिपिंडांसकट मागे सरकून निसटतं. सरकण्याची ही पद्धत अमीबाच्या टोपीची आठवण करून देते. फरक एवढाच की स्पोरोझोइटला चालण्यासाठी आणि यकृतात शिरण्यासाठी तेच प्रथिन लागतं. ते गमावलं की तो जागीच संपतो. त्वचेत असतानाच तो मंदावतो, आणि 2018 च्या कामात दिसलं की पेशी भेदण्यासाठी तो जे छिद्र पाडणारं प्रथिन वापरतो, तेच अशा वेळी त्याच्यावर उलटतं. याच सीएसपीवर आरटीएस,एस आणि आर21 या मलेरियाच्या दोन्ही लसी बेतलेल्या आहेत. आर21 ऑक्सफर्डमध्ये विकसित झाली, तिचं उत्पादन पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट करते आणि जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2023 मध्ये तिची शिफारस केली. याच प्रथिनाविरुद्धचा एकच एकल प्रतिपिंड (मोनोक्लोनल अँटिबॉडी) मालीमधल्या प्रौढांना शिरेतून दिला, तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे 40 मिलिग्रॅमच्या मात्रेने मलेरियाच्या सहा महिन्यांच्या मोसमात संसर्गापासून सुमारे 88 टक्के संरक्षण मिळालं. पेशीच्या पृष्ठभागावरून एक थर सरकून जाण्याचा परिणाम इतका मोठा असू शकतो.

माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणारा इक्थिओफ्थिरियस हा केसलधारी (सिलिएट) आदिजीवही थोडक्यात सांगतो. त्याच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड परीक्षानळीत घातले की तो जागीच खिळतो. माशाच्या शरीरात मात्र क्लार्क आणि डिकरसन यांच्या गटाला दिसलं की परजीवी मरण्याऐवजी वाढ अर्धवट सोडून माशाच्या त्वचेतून बाहेर निघून जातो. मासा वाचतो, परजीवीही जिवंत असतो.

आणि प्रतिपिंड नेहमीच आपल्या बाजूने लढतात असंही नाही. बिहारमध्ये काळा आजार झालेल्या रुग्णाच्या रक्तात प्रतिपिंड इतके वाढतात की जुनी फॉर्मॉल जेल चाचणी त्यावरच चालत असे. पण या आजाराच्या लेशमानिया परजीवीच्या अमॅस्टिगोट रूपाला ते मॅक्रोफेजमध्ये शिरायचं आणखी एक दार उघडून देतात, आणि त्या दाराने आत गेल्यावर मॅक्रोफेज शांत करणारं इंटरल्यूकिन-10 वाढतं.

आता जिआर्डियाकडे, म्हणजे तुमच्या नळीकडे येऊ. या परजीवीच्या अंगावर व्हीएसपी कुटुंबातलं एका वेळी एकच प्रथिन असतं, या कुटुंबाची जनुकं मात्र सुमारे 200. नॅश आणि अग्रवाल यांनी 1986 मध्ये अशा एका प्रथिनाविरुद्धचा एकल प्रतिपिंड घातला, तेव्हा ट्रॉफोझोइट (जिआर्डियाच्या पोहणाऱ्या, वाढणाऱ्या पेशी) एकत्र चिकटले, कशाभिका थबकल्या आणि पेशी मेल्या. पूरक प्रथिनांची गरज पडली नाही. पुढे हेम्फिल आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात अशाच प्रतिपिंडाने पटलात होणारे बदल टिपले. पण वाचलेल्या मोजक्या पेशी दुसरं व्हीएसपी घालून पुन्हा वाढतात. हा बदल प्रतिपिंडाशिवायही साधारण 6 ते 13 पिढ्यांमागे एकदा होतच असतो. म्हणून तिसऱ्या दिवशी घट आणि सातव्या दिवशी भरगच्च नळी दिसली तर आश्चर्य वाटू देऊ नका. सातव्या दिवसाच्या पेशींवर तोच सिरम पुन्हा लावून पाहा. तो चिकटला नाही, तर तुमच्या हातात वेगळा आणि चांगला निष्कर्ष आहे.

मोजणीपूर्वी नळी बर्फात किती वेळ ठेवली ते पाहा. जिआर्डिया काचेला धरून बसतो आणि थंडीने सुटतो. अनेकजण मोजणीआधी वरचं माध्यम ओतून टाकतात. सिरमने ज्यांची पकड सुटली ते जिवंत ट्रॉफोझोइट त्या माध्यमासोबत मोरीत जातात आणि ‘मेलेले’ ठरतात. ओतलेलं माध्यमही मोजा. गोळे झाले आहेत का, हे न हलवता, थेट नळीवरच उलट्या सूक्ष्मदर्शकाने पाहा. हलवून काढलेला थेंब गोळ्यांबद्दल खोटं सांगतो.

नुसत्या माध्यमाशी केलेली तुलना पुरेशी नाही. लस टोचण्याआधी त्याच सशाचा घेतलेला सिरम त्याच मात्रेत हवाच. लसीनंतरचा सिरम एकदा 56 अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून आणि एकदा न तापवता वापरा. तापवल्यावर परिणाम नाहीसा झाला, तर काम पूरक प्रथिनांचं होतं. शुद्ध केलेला आयजीजी (सिरममधला मुख्य प्रतिपिंड) आणि त्याचे एका बाहूचे फॅब तुकडे मिळाले तर फार चांगलं. आयजीजीने गोळे होतात आणि फॅबने होत नाहीत, तर दोन पेशींना जोडणारे दोन बाहू हेच कारण.

सिरममध्ये प्रतिपिंडांखेरीज मारणारे घटकही असतात, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. निरोगी माणसाचा सिरम गुरांच्या आणि उंटांच्या सर्राचा परजीवी ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी याला मारतो, पण ते काम एपीओएल1 नावाच्या प्रथिनाचं. 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला याच परजीवीचा संसर्ग झाल्याचं निदान झालं. पुढच्या तपासणीत कळलं की जनुकीय बदलामुळे त्यांच्या रक्तात हे प्रथिनच नव्हतं. सुरामिनने ते बरे झाले. या घटनेआधी कुणी फक्त ‘मानवी सिरमने परजीवी मरतो’ या निरीक्षणावरून प्रतिपिंडांचं श्रेय लिहिलं असतं, तर ते चुकलं असतं. रुग्णाचा सिरम असेल तर त्यात उरलेलं औषधही असू शकतं. म्हणून मलेरियाच्या चाचणीत सिरममधून आयजीजी वेगळा काढूनच वापरतात.

शेवटी टालियाफेरोंची कसोटी लावा. तिसऱ्या दिवशीच्या पेशी धुऊन ताज्या माध्यमात ठेवा. दोन दिवसांनी त्या वाढल्या, त्यांना जुनाच सिरम चिकटत असेल, आणि वाढ नियंत्रण नळीच्या वेगाने होत असेल, तर ‘वाढ थांबवली गेली’ असं लिहा. वाढल्याच नाहीत, आणि पटलातून आत न जाणारा रंग पेशीत शिरलेला दिसला, तर ‘मेल्या’ असं लिहा. प्रबंध देण्याची तारीख जवळ आली असेल आणि एवढं जमण्याजोगं नसेल, तर वाक्य असं ठेवा: ‘प्रतिसिरमच्या उपस्थितीत 72 तासांनी काचेला चिकटलेल्या ट्रॉफोझोइटची संख्या नुसत्या माध्यमाच्या तुलनेत कमी आढळली.’ त्याखाली गोळ्यांचं एक छायाचित्र लावा, त्यावर मोजपट्टी असू द्या.